काक्षीची पाच अंतरं आणि देवयानीचं एकच, असं का?

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आकाशदर्शनानंतर साखळी गावच्या एका बारावीतल्या मुलाने मला लिहून विचारलं आहे: "सर, मृगातल्या काक्षीचं अंतर फोनमधल्या ॲपमध्ये ४९८ प्रकाशवर्षं आहे, लायब्ररीतल्या पुस्तकात ४२७, आणि इंटरनेटवर कुठे ५४८, कुठे ६४०, कुठे ७२४. देवयानी दीर्घिका मात्र सगळीकडे २५ लाख. जवळच्या ताऱ्याबद्दल एकमत नाही आणि एवढ्या लांबच्या दीर्घिकेबद्दल आहे, हे कसं? की सगळंच अंदाजपंचे?"

अंदाजपंचे नाही रे. तू लिहिलेल्या पाचही आकड्यांमागे खरीखुरी मोजमापं आहेत, आणि कुठला आकडा कुणी कधी काढला हेही सांगता येतं. घोळ असा होतो की कुठलंही अंतर आम्ही काढतो तेव्हा त्यासोबत पद्धत लिहितो आणि चूक किती असू शकते तेही लिहितो. ॲपवाले या दोन्ही गोष्टी गाळून नुसता आकडा ठेवतात. मग पाच आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात.

सुरुवात भूमितीपासून करू, कारण शेवटी सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. जानेवारीत पृथ्वी जिथे असते तिथून जुलैत ती सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर गेलेली असते. या दोन टोकांवरून एकच तारा पाहिला, तर मागच्या खूप दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पॅरलॅक्स म्हणतात. पॅरलॅक्स १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) असेल तर अंतर १ पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. कोन निम्मा झाला की अंतर दुप्पट.

याचं एक सुंदर उदाहरण गोव्यातून पुण्या-नाशिकपेक्षा चांगलं दिसतं, कारण आपण दक्षिणेला आहोत. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, रात्री दहा-साडेदहाला काणकोणच्या बाजूला दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशी जागा गाठ. त्रिशंकूच्या डावीकडे दोन ठळक तारे दिसतील: त्रिशंकूच्या जवळचा मित्रक आणि त्याच्याही डावीकडचा मित्र. उंची जेमतेम चौदा अंश. दोघे जोडीला उभे असल्यासारखे दिसतात. मित्राचा पॅरलॅक्स ०.७५ विकला आहे. १ ला ०.७५ ने भागलं की १.३३ पार्सेक, म्हणजे ४.३५ प्रकाशवर्षं. मित्रक आहे सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही.

मित्र हा आपल्या अगदी शेजारचा. तरी वर्षभरात तो इकडून तिकडे सरकतो तो फक्त दीड विकला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण १८०० विकला असते, म्हणजे हे सरकणं तिच्या बाराशेव्या हिश्श्याइतकं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ सालचं, पण त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं हे सरकणं कुणाच्या हाती लागलं नाही. टायको ब्राहेसारखा कसलेला निरीक्षक तर यावरून म्हणत होता की तारे सरकत नाहीत, त्या अर्थी पृथ्वी फिरत नाही. त्याच्या तर्कात खोट नव्हती. तारे इतके लांब असतील हे त्याला मानवत नव्हतं, एवढंच. १८३८ मध्ये क्योनिग्सबर्गला फ्रीड्रिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या फिकट ताऱ्याचा पॅरलॅक्स ०.३१ विकला काढला. आजचा आकडा ०.२८६ आहे. हाताने फिरवायच्या यंत्रावर, डोळ्याने बघून! त्याने तारा निवडला तोही विचार करून: ६१ सिग्नी आकाशात वर्षाला पाच विकला पुढे जातो, आणि इतक्या वेगाने जाणारा तारा जवळचाच असणार. मित्राची मोजणी थॉमस हेंडरसनने दक्षिण आफ्रिकेतल्या केपला १८३२-३३ मध्येच करून ठेवली होती, पण स्वतःच्या आकड्यांवर त्याचा भरवसा बसेना; प्रसिद्ध केली १८३९ मध्ये, तोवर बेसेल पुढे निघून गेला होता.

आता काक्षी. हिप्पार्कोस या उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात लाखावर ताऱ्यांचे पॅरलॅक्स मोजले. १९९७ च्या यादीत काक्षीचा पॅरलॅक्स ७.६३ सहस्रांश विकला होता. गणित कर, ४२७ येतात. तुझ्या पुस्तकातला आकडा हा. २००७ मध्ये त्याच मोजमापांवर नव्याने प्रक्रिया झाली आणि पॅरलॅक्स ६.५५ आला, म्हणजे ४९८. तुझं ॲप तिथेच थांबलेलं आहे. २००८ मध्ये रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं जोडल्यावर ६४०, २०१७ मध्ये आणखी रेडिओ निरीक्षणांनंतर ७२४. आणि २०२० मध्ये एका गटाने ताऱ्याच्या फुगण्या-आकसण्याच्या ठेक्यावरून त्याची त्रिज्या ठरवली, तिच्यावरून अंतर काढलं ५४८.

आता ॲपने गाळलेला भाग बघ. २००८ च्या ६४० च्या पुढे 'अधिक-उणे सुमारे १५०' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ४९० पासून ७९० पर्यंत काहीही. तुझ्या पाचपैकी चार आकडे त्यात सहज मावतात.

इतका मोठा तारा, शहरातूनसुद्धा दिसणारा, मग त्याच्याच बाबतीत एवढी अडचण का? कारण तो मोठा आहे म्हणूनच. काक्षीची तबकडी आकाशात सुमारे ४५ सहस्रांश विकला रुंद दिसते आणि त्याचा पॅरलॅक्स आहे पाच-सहा सहस्रांश. म्हणजे जे सरकणं मोजायचं त्याच्या सात-आठ पट तारा स्वतः रुंद. त्यात त्याच्या पृष्ठभागावर खालून उकळून वर येणारे प्रचंड तप्त पट्टे असतात. ते बदलले की तबकडीचा प्रकाशमध्य इकडेतिकडे हलतो, आणि हे हलणं पॅरलॅक्समध्ये मिसळतं. रेडिओ दुर्बिणींनी मोजतात ते याच्यावर उपाय म्हणून, पण तिथेही हा त्रास पुरता सुटत नाही. हिप्पार्कोसनंतरच्या गाया उपग्रहाने हे काम केलं असेल म्हणावं, तर काक्षी त्याच्या कॅमेऱ्याला झेपला नाही इतका तेजस्वी. प्रकल्पाच्या वहीत मी तरी '५०० ते ७०० प्रकाशवर्षं' असंच लिहीन. परीक्षकाला एकच आकडा हवा असेल तर त्याला हा परिच्छेद दाखव.

गायाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. डिसेंबर २०१३ मध्ये तो गेला आणि जानेवारी २०२५ पर्यंत त्याने निरीक्षणं केली. २०२२ च्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. चांगल्या ताऱ्यांसाठी त्याची अचूकता ०.०२ सहस्रांश विकला. १००० पार्सेकवरच्या ताऱ्याचा पॅरलॅक्स १ सहस्रांश असतो, तेव्हा चूक दोन टक्के. तोच तारा १०,००० पार्सेकवर नेला तर चूक वीस टक्के, आणि तिथून पुढे 'एकाला भागा' हे सोपं गणित चालवू नये. गायाच्या यादीत कित्येक ताऱ्यांचे पॅरलॅक्स चक्क ऋण आहेत. कॉलेजातली मुलं त्या ओळी 'चुकीच्या' म्हणून पुसून टाकतात. तसं करू नका. अतिशय लांबच्या ताऱ्याचा खरा पॅरलॅक्स शून्याच्या जवळ असतो, आणि मोजणीतली चूक त्याला कधी धन बाजूला तर कधी ऋण बाजूला ढकलते. ऋण तेवढे फेकलेत तर उरलेली सरासरी एका बाजूला झुकते आणि तुमचे तारे आहेत त्याहून जवळ येतात.

उपग्रहाचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. कृत्तिकांचं प्रकरण आम्हा मंडळींत बरीच वर्षं गाजलं. जुन्या पद्धतीने, म्हणजे गुच्छातल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज बाकीच्या ताऱ्यांशी ताडून पाहून, कृत्तिका सुमारे ४३५ प्रकाशवर्षांवर येत होत्या. हिप्पार्कोसने थेट मोजून सांगितलं, सुमारे ३८५. थेट मोजमाप खरं धरायचं तर कृत्तिकांतले तारे त्यांच्या रंगाच्या मानाने फारच मंद ठरत होते, आणि ताऱ्यांच्या भौतिकीलाच हात घालावा लागला असता. काहींनी घातलाही. २०१४ मध्ये एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांबच्या रेडिओ दुर्बिणी जोडून पॅरलॅक्स मोजला, तो आला १३६ पार्सेक, म्हणजे सुमारे ४४४ प्रकाशवर्षं. पुढे गायाने तेच सांगितलं. चूक हिप्पार्कोसची निघाली. पद्धत थेट असली तरी दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने पडताळा घेतल्याशिवाय मी आकड्यावर विसंबत नाही, ते अशा प्रकरणांमुळे.

पॅरलॅक्सचा हात आपल्या आकाशगंगेच्या एका भागापुरताच पोचतो. पुढे उजेडाचं गणित लागतं. मिरामारच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्रात ट्रॉलरचे दिवे दिसतात. मंद दिवा म्हणजे लांबचा ट्रॉलर की जवळच्या होडीतला लहानसा दिवा, हे नुसतं बघून कळत नाही; पण दिवा किती वॅटचा हे माहीत असेल तर कळतं, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. प्रश्न एवढाच की ताऱ्याचे वॅट सांगणार कोण?

याचं उत्तर हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिलं. १९१२ मध्ये त्यांनी लहान मॅजेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ सेफिड ताऱ्यांचा तक्ता मांडला. सेफिड ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होत राहतात. लेव्हिटबाईंना दिसलं की ज्याचा आवर्तनकाल मोठा तो तारा तेजस्वी. सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास एकाच अंतरावरचे, त्यामुळे दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक होता. थोडक्यात, दिवस मोजले की वॅट कळतात.

हे तुला घरच्या गच्चीवरून, दुर्बिणीशिवाय करता येईल. ऑक्टोबरात पाऊस उघडला की संध्याकाळी पश्चिमेकडे गरुड तारकासमूह असतो, श्रवण नक्षत्राचा ठळक तारा त्यातलाच. त्या समूहात ईटा ॲक्विली नावाचा सेफिड आहे. तो ३.५ व्या प्रतीपासून ४.४ व्या प्रतीपर्यंत मंदावतो आणि पुन्हा उजळतो, ७.१८ दिवसांत. (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) तुलनेला शेजारीच तारे आहेत: डेल्टा ॲक्विली ३.४ चा, बीटा ३.७ चा, आयोटा ४.४ चा. रोज तो कुणाच्या बरोबरीचा दिसतो ते वहीत मांड. पणजीत मांडवीतल्या कॅसिनोंच्या झगमगाटात आयोटा दिसेल याची खात्री नाही, साखळीत दिसेल. सुरुवातीला अंदाज दोन-तीन दशांश प्रतींनी चुकेल, त्याचं काही नाही, महिन्याभरात डोळा बसतो.

आता हिशेब. सात दिवसांच्या सेफिडची निरपेक्ष प्रत, म्हणजे तो १० पार्सेकवर आणून ठेवला तर दिसेल ती, उणे ३.७ च्या आसपास येते. ईटा ॲक्विलीची सरासरी दृश्य प्रत ३.९. फरक ७.६. दर ५ प्रतींमागे अंतर १० पट वाढतं, त्या हिशेबाने ३३० पार्सेक, म्हणजे सुमारे १०८० प्रकाशवर्षं. आणि हे उत्तर चुकीचं आहे. मधल्या वाटेवर धूळ आहे, तिने ताऱ्याचं तेज साधारण ०.४ प्रतीने खाल्लं आहे. ते वजा केलं की फरक ७.२, अंतर २७५ पार्सेक, सुमारे ९०० प्रकाशवर्षं. धूळ विसरलास की तारा पावणेदोनशे-एकशेऐंशी प्रकाशवर्षं लांब पळतो. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि लाल कमी, म्हणून तारा किती लालसर झाला त्यावरून धुळीचा माग काढतात. शक्य असेल तिथे अवरक्त प्रकाशातच निरीक्षण करतात, तिथे तिचा त्रास फार कमी. माझं निम्मं आयुष्य या दुरुस्त्या करण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. दुर्बिणीला डोळा लावणं हा कामाचा अगदी छोटा भाग असतो.

देवयानीची गोष्ट इथूनच पुढची. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर देवयानीत एक सेफिड सापडला, आवर्तनकाल ३१ दिवस. त्यावरून अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे हे त्याने सिद्ध झालं. आकडा मात्र आजच्या निम्म्याहूनही कमी होता. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की सेफिड दोन जातींचे असतात आणि एका जातीचे वॅट दुसरीला लावले गेले होते. एका रात्रीत सगळ्या दीर्घिका दुप्पट लांब गेल्या.

आज २५ लाखांवर एकमत आहे ते देवयानीत सेफिड आहेत, लाल राक्षसी तारे आहेत, एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांच्या जोड्या आहेत आणि सगळ्यांचं उत्तर काही टक्क्यांत जुळतं म्हणून. काक्षीच्या बाबतीत एकच तारा, तोही हलणारा. देवयानीत साक्षीदार शेकड्यांनी. लांबच्या वस्तूचं अंतर जवळच्या वस्तूपेक्षा टक्केवारीत जास्त नक्की असू शकतं ते असं. मोठ्या मॅजेलन मेघाचं अंतर तर जोडताऱ्यांवरून एक टक्क्याच्या आसपास नक्की झालं आहे, सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं. सेफिडचे वॅट पक्के करायला आता तेच एक टेकू म्हणून वापरतात.

त्याच्याही पुढे सेफिड दिसेनासे होतात, तेव्हा एक-ए प्रकारचे सुपरनोव्हा. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचा हा स्फोट ऐन भरात काही अब्ज सूर्यांइतका उजळतो, निरपेक्ष प्रत उणे १९.३ च्या आसपास. सगळे अगदी सारखे नसतात, पण १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी दाखवलं की जो सावकाश मंदावतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो. ही दुरुस्ती केली की अंतर पाच-सात टक्क्यांत बसतं. याच स्फोटांवरून १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं कळलं आणि २०११ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, असा एक स्फोट झाला. लहान दुर्बिणीतून दिसणारा! गोव्यात तेव्हा श्रावण-भाद्रपदाचा पाऊस. पुढे मे २०२३ मध्ये त्याच दीर्घिकेत पुन्हा सुपरनोव्हा झाला, तोही आभाळ मोकळं असताना, पण तो निघाला दुसऱ्या प्रकारचा, मोठा तारा कोसळून झालेला. बघायला उत्तम, वॅट ठरवायला मात्र तितका भरवशाचा नाही.

शेवटची पद्धत ताम्रसृतीची. दीर्घिका जितकी लांब तितक्या वेगाने दूर जाते, म्हणून तिच्या वर्णपटातल्या रेषा लालकडे सरकतात. सरकणं मोजा, वेग काढा, हबल स्थिरांकाने, म्हणजे दर मेगापार्सेकमागे (दहा लाख पार्सेकमागे) वेग जितका वाढतो त्या आकड्याने, भागा. सेकंदाला ७००० किलोमीटरने दूर जाणारी दीर्घिका स्थिरांक ७० धरला तर १०० मेगापार्सेकवर, म्हणजे सुमारे ३२ कोटी ६० लाख प्रकाशवर्षांवर. जवळ ही पद्धत वापरायची नाही. देवयानी तर आपल्याकडे येते आहे. सूत्रात घातलीस तर अंतर ऋण येईल.

आणि तो ७० नेमका किती, यावर सध्या खरा वाद आहे. सेफिड आणि सुपरनोव्हांच्या वाटेने गेलं की ७३ येतात. विश्वाच्या आद्य प्रकाशाचा नकाशा काढणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून ६७.४. वेंडी फ्रीडमन यांचा गट लाल राक्षसी तारे वगैरे वापरून ७० च्या आसपास येतो. वर्तमानपत्रं याला 'विश्वशास्त्रावरचं संकट' म्हणतात. मला विचारशील तर, कृत्तिकांचं प्रकरण पाहिलेल्या माणसाने नवं भौतिकी मांडण्याआधी धूळ आणि वॅट यांचा हिशेब पुन्हा एकदा तपासावा. पण माझ्याहून हुशार लोक उलट म्हणतात, हेही सांगून ठेवतो.

तोडगा कदाचित अशा पद्धतीतून निघेल जिला पॅरलॅक्सवर सेफिड, सेफिडवर सुपरनोव्हा अशा या शिडीची गरजच नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी आल्या. लहरीच्या आकारावरून तिची मूळ ताकद कळते, मोजलेल्या ताकदीशी ताडलं की थेट अंतर: सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. ना सेफिड लागला, ना धुळीची दुरुस्ती. त्या एका घटनेवरून स्थिरांक ७० आला, पण अधिक १२, उणे ८. म्हणजे अजून वाद मिटवण्याच्या लायकीचा नाही. अशा बऱ्याच घटना हव्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, ती सुरू झाली की अशा लहरी आकाशात कुठून आल्या हे जास्त नेमकं कळेल आणि त्यांची दीर्घिका शोधणं सोपं जाईल.

एक राहिलं. फार लांबच्या दीर्घिकांच्या बातम्यांत दोन वेगळी अंतरं एकमेकांत मिसळलेली असतात. जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश निघाला सुमारे १३४० कोटी वर्षांपूर्वी. पण तो वाटेत असताना विश्व पसरत राहिलं, त्यामुळे ती दीर्घिका आज सुमारे ३२०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. बातमीत बहुतेक वेळा '१३४० कोटी प्रकाशवर्षं दूर' असं छापतात. हा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे. असा आकडा वाचलास की आधी तो काळ आहे की आजचं अंतर ते बघ, आणि मगच वहीत उतरव.